गाझातलं विहिरीचं पाणी उकळून चालेल?

‘पाणी खळखळून उकळलं की निर्धोक’ हा समज गाझाच्या किनारी भूजलाला लागू पडत नाही. उकळल्याने जंतू मरतात, क्षार आणि नायट्रेट जागच्या जागी राहतात. उलट वाढतात: लिटरला 150 मिलिग्रॅम नायट्रेट असलेलं पाणी आटून पाऊण लिटर झालं की प्रमाण 200 वर जातं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 50 आहे. बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना हे सर्वांत घातक. रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते, ओठ निळे पडतात.

नायट्रेट येतं शोषखड्ड्यांतल्या मैल्यातून आणि खतांतून. वाळूतून ते सहज झिरपतं. खारटपणाचं कारण वेगळं. पावसाने मुरतं त्याच्या कितीतरी पट उपसा झाल्याने समुद्राचं पाणी आत सरकलं. युद्धाआधीच 95 टक्क्यांहून अधिक भूजल पिण्यालायक नव्हतं. क्षार आणि नायट्रेटवर क्लोरीनही निरुपयोगी, तो फक्त जंतू मारतो.

क्षार आणि नायट्रेट दोन्ही काढतं ते आरओ, म्हणजे पाणी दाबाने अतिसूक्ष्म पडद्यातून गाळणारं यंत्र. पण टँकरमध्ये, गच्चीवरच्या टाकीत त्याच गोड पाण्यात पुन्हा जंतू शिरतात, म्हणून आरओनंतर लिटरला 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं. उकळायचंच तर हे पाणी उकळावं, तेही झाकण ठेवून.