रिओ ग्रांदेकाठच्या तीन पिढ्या

टेक्सासच्या दक्षिण टोकाला अनेक मेक्सिकन घरांत आजी स्पॅनिशच बोलते, आईवडील दोन्ही भाषा बोलतात आणि नातवंडांना आजीचं बोलणं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच सुचतं. हे आपोआप घडलं, असं समजणं चूक आहे.

मुळात इथले सगळेच बाहेरून आलेले नाहीत. अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातल्या १८४८च्या ग्वादालुपे हिदाल्गो तहाने रिओ ग्रांदे नदी सीमा ठरली आणि १७५५ साली वसलेलं लारेदो अमेरिकेत गेलं. ज्यांना मेक्सिकनच राहायचं होतं, त्यांनी पैलतीरी नुएवो लारेदो वसवलं. जाताना त्यांनी पूर्वजांच्या अस्थीही उकरून नेल्या, असं तिथे आजही सांगतात.

१९१०च्या मेक्सिकन क्रांतीनंतर निर्वासितांचे लोंढे आले. १९२४ मध्ये सीमा गस्ती दल उभं राहिलं. १९२९ मध्ये कॉर्पस क्रिस्टीत स्थापन झालेल्या, मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या ‘लुलाक’ संघटनेने सभासदत्व अमेरिकी नागरिकांपुरतं ठेवलं आणि इंग्रजीचा आग्रह धरला. पुढच्या पिढ्यांनी तिला लाचार म्हटलं. मला ते अन्यायाचं वाटतं, कारण त्यानंतरच्या महामंदीत लाखो मेक्सिकनांना परत पाठवलं गेलं, तेव्हा त्यांत अमेरिकेत जन्मलेली, म्हणजे नागरिक असलेली मुलंही होती. आपल्याला परकं ठरवून हाकलतील, ही भीती खरी होती.

खरा घाव शाळेत बसला. स्पॅनिश बोललं की छडी, हा टेक्सासच्या कितीतरी शाळांचा रिवाज होता. नोव्हेंबर १९६८ मध्ये दक्षिण टेक्सासमधल्या एडकाउच-एल्सा हायस्कूलचे विद्यार्थी वर्गाबाहेर पडले. स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा नको, ही त्यांची एक मागणी होती. पुढच्या वर्षी क्रिस्टल सिटीतही तेच झालं. ही पिढी स्वतःला अभिमानाने ‘चिकानो’, म्हणजे मेक्सिकन वंशाचे अमेरिकन, म्हणवू लागली. पण मार खाल्लेल्या अनेकांनी आईबाप झाल्यावर मुलांना स्पॅनिश शिकवलीच नाही. आपल्या वाट्याला आलेलं लेकरांच्या वाट्याला येऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

१९८६च्या स्थलांतर कायद्याने कागदपत्रांविना राहणाऱ्या सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर वास्तव्य मिळालं. १९९३ पासून एल पासोत आणि पुढच्या वर्षी सान दिएगोत सीमेवरचा पहारा कडक झाला. हंगामापुरतं येऊन घरी परतणं अवघड झालं, तेव्हा कामगारांनी बायकामुलांना इकडेच आणलं. त्यातून थोरला भाऊ कागदपत्रांविना आणि धाकटी बहीण जन्माने नागरिक, अशी घरं वाढली. सीमेच्या बऱ्याच आत, फालफुरियासजवळ, गस्ती दलाचा तपासणी नाका आहे. बहिणीला तो ओलांडून उत्तरेकडच्या कॉलेजात जाता येतं. कागद नसलेल्या भावाला तिथे अटकेची धास्ती असते. पिढी एकच, तरी स्वतःला अमेरिकन म्हणवून घेणं दोघांना सारखं सोपं नाही.