विनाखटला स्थानबद्धता आणि अनुच्छेद २१ : पार्श्वभूमी

'एमपीडीएखाली सराईत गुन्हेगार वर्षभरासाठी येरवड्यात स्थानबद्ध' ही बातमी पुण्याच्या पानावर चार ओळींत येते आणि वाचून विसरली जाते. (एमपीडीए म्हणजे धोकादायक ठरवलेल्या माणसाला विनाखटला डांबून ठेवू देणारा महाराष्ट्राचा कायदा.) त्या चार ओळींत आरोपपत्र, साक्षीपुरावा, निकाल यातले काही नसते. स्थानबद्धता ही कागदोपत्री शिक्षा नव्हेच. माणूस आत जातो तो पुढे काही करील या अंदाजावर. याची मुभा राज्यघटनेनेच दिली आहे, तीही मूलभूत हक्कांच्या भागात.

हत्यार मूळचे इंग्रजांचे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग अधिकाऱ्याच्या खुनानंतर दोन सरदार बंधूंना उचलले ते १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली, आणि त्यांच्यावर खटला कधी चाललाच नाही. रौलट कायद्याबद्दल नव्याने सांगायला नको.

खरा गुंता एका शब्दप्रयोगाचा आहे. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण करणारे, आज अनुच्छेद २१ असलेले कलम १९४७ मध्ये घटना समितीने मान्य केले, तेव्हा त्यात 'ड्यू प्रोसेस ऑफ लॉ' हे शब्द होते. म्हणजे स्वातंत्र्य हिरावणारा कायदा मुळात न्याय्य आहे का, हे न्यायालय तपासू शकले असते. मसुदा समितीने ते काढले. अमेरिकेतल्या न्यायालयांनी याच शब्दांच्या आधारे कामाचे तास आणि किमान वेतनाचे कायदे मोडीत काढले होते. इथे जमीनदारी जायची होती, आणि तो कायदाही न्यायालये असाच मोडीत काढतील ही भीती होती. घटनात्मक सल्लागार अमेरिकेला जाऊन आले, तिथल्या एका न्यायमूर्तींनीही सावध केले. मग जपानच्या १९४६ च्या राज्यघटनेतून 'कायद्याद्वारे प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' हा पर्याय घेतला. (ती घटना अमेरिकी लष्कराच्या देखरेखीखाली लिहिली गेली होती, ही गंमत वेगळीच.) जमिनीसाठी केलेली तजवीज अशी माणसाच्या अंगावर आली. जमीन आणि तुरुंग यांची कलमे वेगळी होती, तेव्हा भीती जमिनीच्या कलमापुरती ठेवता आली असती.

डिसेंबर १९४८ च्या चर्चेत मसुदा समितीच्या अध्यक्षांनी दोन्ही बाजू मांडल्या आणि निर्णय सभागृहावर सोडला. कलम मंजूर झाले. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनीच आजचा अनुच्छेद २२ आणला, आधीच्या कलमाची भरपाई म्हणून. अटकेची कारणे सांगा, वकील करू द्या, २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभे करा. पण त्याच अनुच्छेदात पुढे लिहिले आहे की यातले काहीही स्थानबद्धाला लागू नाही. त्याला मिळते ते आदेशाच्या कारणांची प्रत, आदेशाविरुद्ध निवेदन करण्याची संधी आणि तीन महिन्यांपलीकडे ठेवायचे तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदाला पात्र व्यक्तींच्या सल्लागार मंडळाचे मत.

घटना लागू होऊन महिना झाला नाही झाला तोच प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा आला. मद्रासच्या तुरुंगातल्या एका कम्युनिस्ट नेत्याने त्याला आव्हान दिले. मे १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की 'कायदा' म्हणजे विधिमंडळाने केलेला कायदा, त्याचा न्याय्यपणा तपासणे न्यायालयाचे काम नव्हे. स्थानबद्धतेची कारणे न्यायालयालाही सांगू नयेत असे एक कलम त्यात होते, तेवढे मात्र रद्द झाले.

त्या वाटेचे शेवटचे टोक एप्रिल १९७६ मध्ये दिसले. आणीबाणीत 'मिसा' या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली पकडलेल्यांना दाद मागता येते, असे नऊ उच्च न्यायालये म्हणत होती. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी नाही म्हटले. पोलिसाने आकसाने जीव घेतला तरी आणीबाणी असेपर्यंत उपाय नाही, हे सरकारी वकिलांनी सुनावणीत कबूल केले होते. १९७८ मध्ये, तेही पासपोर्टच्या एका खटल्यात, कार्यपद्धती 'न्याय्य, रास्त आणि वाजवी' हवी असे ठरले. काढून टाकलेले शब्द मागच्या दाराने आत आले. १९७६ चा निकाल औपचारिकपणे पुसायला २०१७ उजाडले.

एमपीडीए १९८१ चा. सुरुवातीला त्यात झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले होते, पुढे वाळूतस्करही आले. हे आदेश उच्च न्यायालयात अनेकदा पडतात ते स्वातंत्र्याच्या तत्त्वावर नव्हे. दिलेल्या झेरॉक्स वाचता येत नव्हत्या, मराठी भाषांतर जोडले नव्हते, निवेदनावर निर्णय द्यायला उशीर केला, अशी कारणे असतात.

१९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तीन महिन्यांचे दोन केले आणि सल्लागार मंडळ अधिक स्वतंत्र केले. संसदेने ती मंजूर केली, पण एवढेच कलम अमलात आणण्याची अधिसूचना एकाही सरकारने काढलेली नाही. घटनेच्या अधिकृत प्रतीत अनुच्छेद २२ खाली ते आजही तळटीप म्हणून छापले जाते.