लेप्टोची लस: कार्डावर ‘एल’ आहे का ते पाहा

आमच्या कुत्र्याला, बंड्याला, पिल्लूपणी लस टोचायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी टेबलावर दोन चिमुकल्या बाटल्या ठेवल्या. एकीच्या तळाशी पांढरट वडी, दुसरीत पाण्यासारखं काहीतरी. त्यांनी दुसऱ्या बाटलीतलं पाणी सिरिंजमध्ये ओढून पहिलीत सोडलं, बाटली हातात फिरवली, वडी विरघळली आणि सगळं एकाच टोचणीत मानेमागच्या सैल कातडीत गेलं. ते पाणी वडी विरघळवण्यापुरतंच असेल असं मी धरून चाललो होतो. पुष्कळ दिवसांनी कळलं की लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, लस असते ती त्या पाण्यातच. वडीत डिस्टेंपर, पार्व्हो वगैरे कुत्र्यांच्या रोगांचे जिवंत पण दुबळे केलेले विषाणू, आणि पाण्यात मारलेले लेप्टोस्पायरा जंतू. कधी कधी मात्र ते खरोखरच नुसतं निर्जंतुक पाणी असतं. दोन्ही वेळा टोचणी एकच, कुत्र्याचं केकाटणं तेवढंच, आणि आपण घरी येऊन सांगतो, ‘सगळ्या लशी झाल्या.’

म्हणून ‘लेप्टोची लस द्यावी का’ असं कुणी विचारलं, की मी आधी लशीचं कार्ड मागतो आणि त्यावर लशीच्या नावापुढे ‘एल’, म्हणजे लेप्टो, लिहिलं आहे का ते पाहतो. लस दिली आहे की नाही हेच पुष्कळांना ठाऊक नसतं.

लेप्टो हा शब्द मुंबईकराला आणि कोकणातल्या शेतकऱ्याला नवा नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत पाण्यातून चाललेली माणसं तापाने रुग्णालयांत येऊ लागली. सिंधुदुर्गात भातलावणीच्या दिवसांत अनवाणी चिखलात उभं राहणाऱ्यांना तो गाठतो. जंतू येतो मुख्यतः उंदीर-घुशींच्या लघवीतून. उंदीर स्वतः आजारी पडत नाही. त्याच्या मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांत हे जंतू सुखाने नांदतात आणि लघवीवाटे बाहेर पडत राहतात. कोरड्या उन्हात ते लवकर मरतात, पण ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात आठवडेच्या आठवडे तग धरतात. आत शिरायला त्यांना एखादं खरचटणं, पाण्याने भिजून मऊ पडलेली कातडी, डोळ्यांचा किंवा तोंडाचा ओला पडदा पुरतो.

आता पावसाळ्यातला कुत्रा डोळ्यांसमोर आणा. बंड्या पार्किंगमधून बाहेर पडला की पहिल्या खांबापाशी नाक जमिनीला टेकवतो. रात्री त्याच कोपऱ्यात घूस फिरलेली असते, आणि त्याला तो वास आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळतो म्हणूनच तो तिथे रेंगाळतो. मग डबक्यातलं पाणी लपालपा पितो. घरी आला की पाय पुसायच्या आधीच पंजे चाटायला बसतो. नाक, तोंड, पंजे, तिन्ही वाटा दहा मिनिटांत उघड्या. ‘आमचा घरातच असतो, फक्त खाली लघवीला नेतो’ हे वाक्य मी फार ऐकतो. पण घूस असते ती खालीच. महापालिकेची माणसं रात्री काठी आणि बॅटरी घेऊन उंदीर मारत फिरतात ती जंगलात नाही, आपल्याच गल्ल्यांत फिरतात.

कुत्र्यात जंतू शिरल्यावर साधारण आठवड्याभरात ताप, मलूलपणा, उलट्या सुरू होतात. अंग दुखतं, म्हणून उचलायला गेलं तर गुरगुरतो. तहान आणि लघवी वाढते, किंवा उलट लघवीच बंद होते. डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पिवळ्या पडतात. मूत्रपिंड आणि यकृत दोन्ही कोलमडतात, काहींच्या फुप्फुसात रक्तस्राव होतो. वेळेत ओळखलं तर साधी प्रतिजैविकं चालतात. उशीर झाला तर डायलिसिस लागतं, आणि कुत्र्यांसाठी ती सोय आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी आहे.

लशीबद्दलची खरी गुंतागुंत जंतूच्या अंगावरच्या आवरणात आहे. सूक्ष्मदर्शकाखाली लेप्टोस्पायरा म्हणजे बारीक मळसूत्र, टोकाला आकड्यासारखा वळलेला. १९०७ मध्ये स्टिमसन यांना एका मृताच्या मूत्रपिंडात तो दिसला, तेव्हा प्रश्नचिन्हासारख्या आकारावरून त्यांनी त्याला ‘इंटरोगन्स’ म्हटलं. या जंतूच्या बाहेरच्या कवचावर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात आणि प्रत्येक प्रकारात त्या वेगळ्या गुंफलेल्या असतात. असे रोगकारक प्रकार अडीचशेहून अधिक आहेत. सारख्या दिसणाऱ्यांचे गट पाडलेले आहेत. लस घेतल्यावर शरीर जी प्रतिपिंडं बनवतं ती मुख्यतः या साखळ्या ओळखतात. डबेवाला जसा झाकणावरची रंगाची खूण वाचून डबा उचलतो, आतली भाजी बघत नाही, तसंच. खूण ओळखीची असेल तर जंतू पकडला जातो, अनोळखी असेल तर बहुतेक वेळा निसटतो.

म्हणून लशीत कोणते गट आहेत याला महत्त्व आहे. जुन्या लशींत दोन असतात. कॅनिकोला, ज्याचा मुक्काम खुद्द कुत्र्यात, आणि इक्टेरोहिमोरॅजी, जो उंदराकडून येतो. नव्या चार गटांच्या लशीत आणखी दोनांची भर असते. अमेरिकेतल्या लशीत ग्रिपोटायफोसा आणि पोमोना, युरोपातल्या लशीत ग्रिपोटायफोसा आणि ऑस्ट्रेलिस. तिथे जे आढळतं त्यानुसार ते निवडलेले आहेत. आपल्याकडे, विशेषतः दक्षिणेत, ऑटमनॅलिससारखे गटही आढळले आहेत, जे या यादीत नाहीत. यावरून ‘मग लस घेऊन उपयोग काय’ असं म्हणणं मला मुळीच पटत नाही. शहरात कुत्र्याची गाठ प्रामुख्याने उंदराशी पडते, आणि उंदराचा गट दोन्ही प्रकारच्या लशींत आहे. छत्रीखालीही गुडघे भिजतातच, तरी जुलैत आपण छत्री घरी ठेवून निघत नाही.

लशीची दुसरी मर्यादा ती किती दिवस टिकते याची. पार्व्हो किंवा डिस्टेंपरच्या जिवंत लशीची आठवण शरीर तीन वर्षं, कधी त्याहून जास्त ठेवतं. मारलेल्या लेप्टोची आठवण साधारण वर्षभर टिकते. म्हणून पहिल्या वेळी दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा, आणि मग दरवर्षी एक. पहिली देऊन दुसरी राहून गेली तर त्या एका मात्रेवर विसंबता येत नाही. वर्षाची मात्रा फारच लांबली, पंधरा-अठरा महिन्यांच्या पुढे गेली, तर पुन्हा दोनांपासून सुरुवात करावी लागते. ‘तीन वर्षांतून एकदा पुरे’ हे दुसऱ्या लशींबाबत खरं असलं तरी लेप्टोला लागू नाही. माझ्या ओळखीत सर्वात जास्त घोटाळा इथेच होतो.

आता भीतीबद्दल. लेप्टोच्या लशीने कुत्र्यांना त्रास होतो, विशेषतः लहान चणीच्या जातींना, ही समजूत निराधार नाही. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत बारा लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. कोणतीही लस दिल्यावर तीन दिवसांत काही त्रास झाल्याचं प्रमाण दर दहा हजारांत सुमारे ३८ निघालं. वजन जितकं कमी आणि एकाच दिवशी दिलेल्या लशी जितक्या जास्त, तितका धोका वाढत होता. तोंड सुजणं, अंगावर गांध्या, उलट्या असा हा त्रास असतो. क्वचित प्राणावर बेतणारी तीव्र प्रतिक्रिया येते, आणि ती बहुधा टोचल्यानंतर थोड्याच वेळात येते. म्हणून लस टोचल्यावर अर्धा तास दवाखान्याच्या बाकावर बसून राहा. पॉमेरेनियन, पग, डॅशंड असेल तर लेप्टोची लस वेगळ्या दिवशी देता येईल का ते विचारा. लहान कुत्रं म्हणून अर्धी मात्रा मात्र मागू नका. मात्रा वजनावर ठरलेली नसते, आणि अर्ध्या मात्रेत संरक्षण मिळेल याची खात्री नाही. पूर्वी तीव्र प्रतिक्रिया आलेली असेल किंवा सध्या कुत्रा आजारी असेल, तर निर्णय डॉक्टरांवरच सोडा.

गेल्या काही वर्षांत जगभरच्या पशुवैद्यांचं मतही सरकलं आहे. ही लस आधी ‘गरजेनुसार’ या रकान्यात होती. २०२३ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांच्या गटाने सगळ्याच कुत्र्यांना ती दरवर्षी द्यावी असं सुचवलं. त्याआधी २०२१ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात दोनशेहून अधिक कुत्र्यांना लेप्टो झाला होता, आणि त्यांतली बरीच पाळणाघरांत जाणारी होती. ते शहर मुंबईच्या मानाने कोरडं ठणठणीत! तिथे हे होऊ शकतं, तर परळ-दादरच्या सखल गल्ल्यांतल्या किंवा कुडाळच्या वाडीतल्या कुत्र्यासाठी मला फार विचार करावा लागत नाही. वर्षातले बहुतेक महिने कोरडं राहणाऱ्या गावात, जिथे धान्याचं कोठार, गोठा, नाला असं काही जवळ नाही, तिथे वेगळं मत असू शकतं. रेबीजची लस मात्र कुठेही, कुठल्याही कुत्र्याला चुकवायची नाही.

द्यायचं ठरलं की कॅलेंडर काढा. मुंबईत मोसमी पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. नवं पिल्लू असेल, किंवा खंड पडल्यामुळे दोन मात्रा लागणार असतील, तर दुसरी मात्रा मेच्या मध्यापर्यंत व्हायला हवी, म्हणजे पहिली एप्रिलमध्ये. वर्षाची एकच मात्रा असेल तरी ती मेमध्ये आणून ठेवणं बरं, म्हणजे संरक्षण भर पावसात ताजं असतं. बंड्याची आधी नोव्हेंबरात यायची. आम्ही डॉक्टरांना विचारून ती अलीकडे ओढली.

एक गोष्ट मला नेहमी खुपते. कुत्र्याला ही लस मिळते, पण त्याच्यासोबत त्याच पाण्यातून चालणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे लेप्टोची लस वापरात नाही. क्युबा, फ्रान्स अशा काही देशांत आहे. इथे साचलेल्या पाण्यातून चालून आल्यावर २४ ते ७२ तासांत डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिन घ्या, एवढंच पालिका सांगते. कुत्र्याकडून माणसाला लागण क्वचितच होते, पण आजारी कुत्र्याची लघवी पुसताना हातमोजे घालायचे आणि फरशी ब्लीचच्या पाण्याने पुसायची.

लस झाली असूनही कुत्रा आजारी पडला तर? आपल्याकडे ताप आणि कावीळ दिसली की पहिला संशय गोचीड तापावर जातो, आणि बऱ्याचदा तो बरोबरही असतो. गोचीड तापाच्या एका मोठ्या प्रकाराला जे औषध देतात ते डॉक्सिसायक्लिनच, आणि लेप्टोवरही तेच चालतं. कुत्रा बरा होतो, सगळे सुटकेचा श्वास सोडतात, आणि काय झालं होतं ते कधीच कळत नाही. प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्त घेतलं तर पीसीआर चाचणीत जंतूचा माग लागू शकतो. एक-दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा रक्त तपासून प्रतिपिंडं चौपट वाढली का हेही बघतात. पण लशीमुळेही रक्तात प्रतिपिंडं असतात, त्यामुळे नुसती एकच तपासणी फसवू शकते. लस कधी दिली ती तारीख म्हणूनच डॉक्टरांना लागते. कार्ड सोबत न्या, आणि जुलैत तापाचा रुग्ण आला की माणसांचे डॉक्टर जे विचारतात ते न विचारता आपणच सांगा: कुत्रा पाण्यातून गेला होता, अमुक दिवशी, अमुक ठिकाणी.