समुपदेशकाचा कान कसा तयार होतो?

मानसशास्त्रात एम. ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला नैराश्याची लक्षणे, चिंताविकारांचे प्रकार आणि उपचारपद्धतींची नावे पहिल्या वर्षातच पाठ झालेली असतात. खरी अडचण सुरू होते ती समोर माणूस येऊन बसल्यावर. समजा, मालवणच्या किनाऱ्यावरील मासेमार कुटुंबातील एक बाई सांगते, की नवरा बोटीवर गेला की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. वर्गातील एखाद्या विद्यार्थिनीने या बाईची भूमिका घेऊन सराव केला, तर नवशिक्या समुपदेशकाच्या तोंडून बहुधा दोनांपैकी एक वाक्य निघते: ‘काळजी करू नका, सगळे ठीक होईल’ किंवा ‘झोपण्यापूर्वी मोबाइल पाहत जाऊ नका’. पहिल्याने तिचे बोलणे खुंटते, दुसऱ्याने ते भलतीकडे जाते. त्याऐवजी ‘ते परत येईपर्यंत तुमचा जीव थाऱ्यावर नसतो’ असे तिचेच म्हणणे तिला ऐकवले आणि थोडे थांबून ‘पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा झोप लागते का?’ असे विचारले, तर पुष्कळ काही उलगडू शकते. जून-जुलैमध्ये नवरा घरी असूनही झोप येत नसेल, तर कारण केवळ समुद्रात शोधून भागणार नाही. कर्ज, घरातील दारू किंवा नैराश्य या शक्यता पडताळून पाहाव्या लागतात.

असे ऐकणे शिकवता येते, हे दाखवून देण्यात ध्वनिमुद्रणाचा मोठा वाटा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1940च्या सुमारास समुपदेशनाची सत्रे ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली आणि 1942 साली एका संपूर्ण उपचाराचा शब्दशः वृत्तांत छापला. तोपर्यंत बंद दाराआड काय घडते, हे उपचार करणाऱ्याच्या आठवणीवरूनच कळत असे, आणि आठवण सोयीस्कर असते. पुढे 1960च्या दशकात मानसशास्त्रज्ञ ॲलन आयव्ही व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलाखतीचे कौशल्य लहान तुकड्यांत विभागले: खुला प्रश्न विचारणे, ऐकलेल्याचा सारांश सांगणे, भावना ओळखून बोलून दाखवणे. विद्यार्थी एका वेळी एकच कौशल्य घेतो, काही मिनिटांचे संभाषण व्हिडिओवर मुद्रित करतो, शिक्षकासोबत पाहतो आणि पुन्हा करतो.

नुसत्या अनुभवाने माणूस तयार होतो, हा समज मात्र तपासणीत टिकलेला नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 170 उपचारकांच्या कित्येक वर्षांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा अनुभव वाढत गेला तरी सरासरी परिणाम सुधारलेले दिसले नाहीत, किंचित घसरलेच. म्हणून प्रत्यक्ष कामाचे किती तास भरले, यापेक्षा त्यांतील किती तास जाणत्या पर्यवेक्षकाने ऐकून तपासले, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आत्महत्येबद्दल स्पष्ट विचारण्याचे धाडसही अशाच तपासणीतून येते. विचारल्याने तसा विचार मनात रुजतो, ही भीती संशोधनाने खोटी ठरवली आहे. तरीही विद्यार्थी तो प्रश्न टाळतात, आणि मुद्रण ऐकताना ही पळवाट लगेच पकडली जाते.

पर्यवेक्षक कमी असलेल्या ठिकाणी काय करावे, याचे एक उत्तर कोकणपट्टीच्या दक्षिणेला, गोव्यात सापडते. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचाराची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना तीव्र नैराश्यावरील एक छोटा उपचार शिकवण्यात आला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2017 साली आलेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी या उपचाराच्या गटातील 64 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, डॉक्टरांची नेहमीची सेवा थोड्या सुधारित रूपात मिळालेल्या गटात हे प्रमाण 39 टक्के होते. हे समुपदेशक गटात बसून एकमेकांची मुद्रित सत्रे ऐकत आणि ठरावीक निकषांवर गुण देत. पदव्युत्तर वर्गाला हीच पद्धत सहज लावता येईल.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात ती लावताना एक पथ्य पाळावे लागेल. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. पण जेथे वाडीवाडीत सोयरसंबंध आहेत, तेथे नाव वगळले तरी आवाजावरून, बोलीवरून किंवा चाकरमान्या मुलाच्या उल्लेखावरून माणूस ओळखला जाऊ शकतो. लेखी संमती घ्यावी, ऐकून झाल्यावर मुद्रण नष्ट करावे, आणि गट तालुक्यांच्या सीमा ओलांडून करावेत, म्हणजे दापोलीतील सत्र कुडाळच्या विद्यार्थ्यांनी ऐकावे आणि कुडाळचे दापोलीकरांनी.