एलईडी टीव्हीतलं चित्र एलईडी काढत नाही

दादरच्या एका दुकानात विक्रेता एका गृहस्थांना सांगत होता, "एलसीडी जुनं झालं काका, आता एलईडीच घ्या." मला राहवलं नाही, मी मध्ये बोललोच. आपण ज्याला 'एलईडी टीव्ही' म्हणतो तो एलसीडीच, म्हणजे लिक्विड क्रिस्टल (द्रवस्फटिक) डिस्प्लेच असतो. पडद्यामागे पूर्वी फ्लुरोसंट नळ्या असत, तिथे एलईडी दिवे आले. चित्र घडवतात ते द्रवस्फटिक.

१८८८ साली फ्रीडरिश रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरॉलपासून बनवलेला एक पदार्थ १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ होताना दिसला. १७८.५ अंशांना तो एकदम नितळ झाला. ही मधली अवस्था म्हणजेच द्रवस्फटिक: तो द्रवासारखा वाहतो, पण त्याचे रेणू एकच दिशा धरून असतात. वारीसारखं: माणसं चालत असतात, तोंडं सगळ्यांची पंढरपूरकडे.

आता खरी गंमत. पोलरायझरची फिल्म एकाच दिशेत डोलणाऱ्या प्रकाशाला वाट देते. दोन फिल्म काटकोनात ठेवल्या की अंधार. त्यांच्यामध्ये दोन काचा, आणि काचांमधल्या केसाच्या दहाव्या भागाहून कमी फटीत हे रेणू गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे पाव वळण घेत रचलेले. प्रकाशाचं डोलणं त्या जिन्याबरोबर ९० अंशांत वळतं आणि दुसऱ्या फिल्ममधून सुटतं. वीज दिली की रेणू काचेशी काटकोनात उभे राहतात, जिना मोडतो, प्रकाश अडतो. वीज कमी दिली तर अर्धवट उजेड. शिवाय विजेची दिशा सतत उलटवावी लागते, नाहीतर आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, एका काचेकडे साचून डाग धरतात. शाट आणि हेलफ्रिश या भौतिकशास्त्रज्ञांची ही १९७०ची रचना. फोर-के पडद्यावर ८२,९४,४०० ठिपके, प्रत्येकात लाल, हिरवी, निळी खिडकी. म्हणजे जवळपास अडीच कोटी झडपा!

लॅमिंग्टन रोडवर एका कारागिराने माझ्यासमोर जुन्या मॉनिटरची पुढची पोलरायझर फिल्म सोलली. पडदा पांढराफेक. तीच फिल्म डोळ्यांपुढे धरली तर बातम्या देणारी निवेदिका स्पष्ट दिसली. फिल्म काटकोनात फिरवली तर तिचे काळे केस पांढरे झाले.

टीव्हीवर 'रेडिएशन शोषणारा' स्टिकर लावतात, ती शुद्ध फसवणूक. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्टने इलेक्ट्रॉन आदळत, क्ष-किरण अडवायला काचेत शिसं घालत. सपाट पडद्यात हा प्रकारच नाही.

क्यूएलईडी हाही एलसीडीच, फक्त क्वांटम डॉट्स या अतिसूक्ष्म कणांमुळे रंग शुद्ध. या कणांच्या शोधाला २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ओएलईडी मात्र वेगळा: प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि पूर्ण विझतो. मोठे ओएलईडी पॅनल मुख्यतः एलजी डिस्प्ले आणि सॅमसंग डिस्प्ले बनवतात, सोनीही ते बाहेरूनच घेते.

दहा बाय बाराच्या खोलीत मॅचला माणसं बाजूच्या भिंतींना टेकून बसतात. तिथे आयपीएस प्रकारचं एलसीडी पॅनल घ्या. त्यात रेणू काचेच्या पातळीतच फिरतात, म्हणून तिरकं बघूनही रंग फारसे बिघडत नाहीत. रात्री दिवे मालवून सिनेमे बघणाऱ्यांना व्हीए हा एलसीडीचाच दुसरा प्रकार बरा, त्याचा काळा जास्त गडद. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी ऊन आत येत असेल, तर आधी पडदा किती प्रखर उजळतो ते बघा. दुकानात रात्रीचं दृश्य लावायला सांगा आणि अगदी कडेला जाऊन उभे राहा. काळं आकाश राखाडी पडलं, तर तो टीव्ही तुमच्या घरात कोपऱ्यात बसणाऱ्याला तसाच दिसणार आहे.