घरी बसून फोडायचं कुलूप

वायफाय राउटरच्या सेटिंगमध्ये ‘सिक्युरिटी’ उघडलं की नेटवर्कला लावायच्या कुलपांच्या नावांची रांग समोर येते: ओपन, डब्ल्यूईपी, डब्ल्यूपीए, डब्ल्यूपीए२, डब्ल्यूपीए३. वर टीकेआयपी, एईएस अशी, माहिती सांकेतिक करण्याच्या पद्धतींची शेपटं. आपण घाबरून, आधीचं आहे ते तसंच ठेवून बाहेर पडतो.

डब्ल्यूईपी १९९७चं. दर पॅकेटला, म्हणजे हवेतून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक तुकड्याला, किल्ली बदलावी म्हणून ते पासवर्डला २४ बिटांचा आकडा जोडतं. असे आकडे जेमतेम १ कोटी ६७ लाख. गजबजलेल्या नेटवर्कवर काही तासांत संपतात आणि मग तेच पुन्हा वापरावे लागतात. २००७ साली जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या संशोधकांनी ही किल्ली मिनिटाच्या आत काढून दाखवली. डब्ल्यूपीएमधलं टीकेआयपी ही २००३ची मलमपट्टी, जुन्या यंत्रांवर चालावी म्हणून केलेली. दोन्हींकडे ढुंकूनही पाहू नका.

२००४च्या डब्ल्यूपीए२मधलं एईएस मात्र भक्कम आहे. गोम आहे ती ओळख पटवण्यात. फोन जोडला जाताना तो आणि राउटर चार निरोप पाठवतात. पासवर्ड हवेतून जात नाही. दोघं एकेक आयत्या वेळचा आकडा सांगतात आणि पासवर्ड ठाऊक असल्याशिवाय बनवता येणार नाही अशी खूण पटवतात. बाहेर लॅपटॉप घेऊन बसलेला ते निरोप टिपतो आणि चक्क घरी जातो. आता पासवर्ड असेल अशा अंदाजाने एक शब्द घ्यायचा, नेटवर्कच्या नावासकट ४०९६ वेळा घुसळायचा, त्यावरून खूण बनवायची, टिपलेल्या खुणेशी जुळते का बघायचं. नाही जुळली, पुढचा शब्द. राउटरला याचा पत्ताही नसतो.

दहा आकडी फोन नंबर पासवर्ड म्हणून ठेवलात, तर शक्यता फार तर एक हजार कोटी. चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाख शब्द तपासू शकतं, म्हणजे तीन तासांत खेळ खलास. उलट ७,७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून चार शब्द उचला. त्याच वेगाने सगळ्या जोड्या तपासायला शंभरावर वर्षं लागतील. शब्द फाशांनीच निवडा. आपल्या डोक्यातून ‘सहज’ सुचलेले शब्द दुसऱ्यालाही तितकेच सहज सुचतात.

घुसळणात नेटवर्कचं नाव मिसळतं, म्हणून राउटरसोबत आलेलं नावही बदलावं. प्रचलित नावांचे हिशेब आधीच करून ठेवता येतात. नाव लपवण्यात मात्र अर्थ नाही. मग तुमचा फोनच जाईल तिथे त्या नावाने हाका मारत सुटतो.

२०१८च्या डब्ल्यूपीए३ने घरी नेण्यासारखं काही ठेवलं नाही. प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी नव्याने बोलावं लागतं, त्यामुळे लाखोंचा वेग गेला. जुन्या उपकरणांसाठी ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा मिश्र पर्याय घ्यावा लागला, तर ती उपकरणं जुन्याच पद्धतीने खूण पटवतात. तेव्हा पासवर्ड लांबच ठेवा. कचेरीत एकच पासवर्ड सगळ्यांना दिला तर नोकरी सोडणारा तो सोबत नेतो. तिथे ‘एंटरप्राइज’ निवडून प्रत्येकाला वेगळं खातं द्यावं.

राहिला डब्ल्यूपीएसचा, म्हणजे पासवर्ड न टाकता उपकरण जोडायच्या सोयीचा पिन. आठ आकडी, म्हणजे दहा कोटी शक्यता वाटतात. पण शेवटचा आकडा निव्वळ पडताळणीचा, आणि राउटर पहिले चार बरोबर आहेत की नाही ते वेगळं सांगून टाकतो. म्हणजे १०,००० आणि १,०००, मिळून ११,००० प्रयत्न. हे २०११मध्ये उघड झालं, तरी कित्येक राउटरांवर तो चालूच असतो. बंद करा.