फॅन ब्लेडची सक्तीची तपासणी: सीएफएम५६-७बी इंजिन असलेल्या ग्राहकांसाठी

गोव्याच्या दाबोळी किंवा मोप विमानतळावर उभ्या विमानाच्या इंजिनाच्या पुढच्या फॅनमध्ये टॉर्च मारली की ब्लेडचं पातं दिसतं, मूळ दिसत नाही. आम्हाला भीती असते ती मुळाची. डिस्कच्या खाचेत बसणाऱ्या या भागाला डोव्हटेल म्हणतात आणि तडा तिथे सुरू होतो. त्यामुळे कडा स्वच्छ आहेत, पक्षी आदळल्याची खूण नाही, एवढ्यावर ही तपासणी टळत नाही. ब्लेड बाहेर काढावंच लागतं.

१७ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेत एका बोइंग ७३७-७०० च्या याच जातीच्या इंजिनाचं ब्लेड उड्डाणात तुटलं. फॅनभोवतीच्या फॅन केसने ब्लेड अडवलं, पण काउलचे, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या आवरणाचे, तुकडे सुटले, त्यातला एक खिडकीवर आदळला आणि एका प्रवासी महिलेचा जीव गेला. त्या ब्लेडच्या ३२ हजारांहून जास्त सायकल झाल्या होत्या; सायकल म्हणजे एक उड्डाण आणि एक उतरणं. २०१२ च्या ओव्हरहॉलमध्ये फ्लुरोसंट पेनिट्रंटने, म्हणजे तड्यात शिरून चमकणाऱ्या द्रवाने, ते तपासलं गेलं होतं. तडा बहुधा तेव्हाही होता, पण सापडला नाही. अपघातानंतर तीनच दिवसांनी एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, तातडीची एडी (सक्तीचा सुरक्षा आदेश) काढली: ३० हजार सायकल ओलांडलेली ब्लेड २० दिवसांत अल्ट्रासॉनिकने, म्हणजे ध्वनिलहरींनी, तपासा. पुढे कमी वयाची ब्लेडही त्यात आली आणि फेरतपासणीचं अंतर आधी ३,००० व मग १,६०० सायकलवर आलं. काम हाती घेताना आम्ही त्या दिवशी लागू असलेली एडी उघडूनच मुदत ठरवतो.

सायकल म्हणजे एक उड्डाण आणि एक उतरणं. दर सायकलला फॅन वेग घेतो तसं डोव्हटेल खाचेच्या भिंतीवर दाबलं जातं, इंजिन बंद झालं की सुटतं. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर सरकावेत म्हणून तांबे-निकेल-इंडियमचा लेप आणि वर मॉलिब्डेनमचं वंगण असतं. वंगण संपलं किंवा लेपाचे पोपडे निघाले की घर्षण वाढतं, कडेवर ताण चढतो. ब्लेड बाहेर आलं की आम्ही आधी तेच बघतो: काळपट थरात कुठे उघडा धातू चकाकतोय का. तिथे नखानेही काही लागत नाही, पण अल्ट्रासॉनिकचा प्रोब तिथेच सावकाश फिरवावा लागतो.

एका फॅनमध्ये २४ ब्लेड. स्पिनर, म्हणजे फॅनच्या मधलं टोक, काढायचा, प्रत्येक ब्लेडवर जागेचा क्रमांक घालायचा, स्पेसर, शिम आणि प्लॅटफॉर्म वेगळे ठेवायचे, डोव्हटेल पुसायचं, दोन्ही बाजूंनी स्कॅन करायचं, नवं वंगण लावून सुकू द्यायचं, मग त्याच जागी बसवायचं. पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी दमट की हे सुकवणं उघड्या एप्रनवर आम्ही करत नाही; हँगरची जागा आधी धरून ठेवा. चार्टरचा सीझन ऑक्टोबरात उघडतो, तेव्हा चतुर्थीच्या आधीची तारीख घेतलेली बरी.

तडा सापडला तर ते ब्लेड बाद. पुढच्या कडेची छोटी खोक मर्यादेत असेल तर घासून सारखी करता येते, डोव्हटेलच्या तड्याला तसा उपाय नाही. बदली ब्लेड मोमेंट वेटने, म्हणजे फिरताना तोल सांभाळणाऱ्या वजनाने, जुळलं पाहिजे, नाहीतर समोरच्या जागेवरचं, म्हणजे बारा जागा पलीकडचंही बदलावं लागतं. तसं नाही केलं तर व्हायब्रेशन वाढतं.

सर्वांत जास्त वेळ खातात ते कागद. इंजिनाच्या सायकल देऊन भागत नाही, कारण ब्लेड एका इंजिनातून दुसऱ्यात फिरतात आणि स्वतःचं वय सोबत नेतात. प्रत्येक ब्लेडचा सिरियल नंबर, नवं असल्यापासूनच्या सायकल, मागच्या अल्ट्रासॉनिकची आणि वंगणाची नोंद, एवढं विमान येण्याआधी पाठवा. सुटं ब्लेड तुम्ही स्वतः आणणार असाल तर त्याचं रिलीज सर्टिफिकेट (बसवण्यास योग्य असल्याचा दाखला) आणि सायकलचा अखंड इतिहास हवा. इतिहासात खंड असेल तर ब्लेड दिसायला कितीही नवं असो, आम्ही ते बसवत नाही.